सोमवारचं दूध

आजारपणात ताप माणसाला थकवतो, पण "काय खाल्लं होतंस?" हा प्रश्न त्याहून जास्त थकवतो. मला तो डॉक्टरांनी विचारला, नणंदेनं विचारला, सोसायटीच्या वॉचमननं विचारला आणि एका रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारला. प्रत्येकाच्या आवाजात एकच गोष्ट होती, की बाई, चूक तुझी आहे, फक्त कुठली ते सांग.

आणि हा प्रश्न कोणाला विचारत होते? मला! मी मरोळला मसाले आणि लोणची भरणाऱ्या एका लहान कंपनीत क्वालिटीचं काम करते. दिवसभर डोक्याला जाळीची टोपी लावून बरण्या तपासते, कामगारांची नखं बघते, कोणी अंगठी घालून आलं तर परत पाठवते. घरी आले तरी हा स्वभाव चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. कोथिंबीर तीन पाण्यांतून काढल्याशिवाय माझ्या विळीवर येत नाही. कालची भाजी फ्रीजमध्ये कुठल्या डब्यात आहे हे मला पाठ असतं. माझा नवरा संजय मला फूड इन्स्पेक्टर म्हणतो आणि मुलगी तन्वी मैत्रिणींना आधीच बजावून ठेवते, "घरी आलात तर आधी हात धुवा, नाहीतर मम्मी सुरू होते."

तर अशा बाईला खाण्यातून आजार झाला. माझ्यावर हसायची संधी कोणीही सोडली नाही.

ताप येतो, ताप जातो

सुरुवात अगदी साधी झाली. संध्याकाळी कामावरून आले की अंग मोडून यायचं, थंडी वाजायची, मग घाम. घाम म्हणजे कपडे पिळावेत इतका, आणि त्याला ओल्या पोत्यासारखा वास. सकाळी मात्र मी ठणठणीत. लोकांना सकाळचीच मी दिसायची, त्यामुळे कोणाचाच विश्वास बसेना. मग काही दिवस ताप गायब व्हायचा, मी सुस्कारा टाकायचे, आणि पुन्हा एका संध्याकाळी दात वाजायला लागायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. मग मलेरियाची तपासणी केली, तो नव्हता. मग टायफॉईडची औषधं दिली, थोडं बरं वाटलं आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. कंबर आणि गुडघे इतके दुखायला लागले की कमोडवरून उठताना मी नळाला धरायचे. मग ते म्हणाले, "वय बघता बदल होतायत शरीरात." मी म्हटलं, डॉक्टर, बदलात थर्मामीटर एवढा चढतो का? ते हसले. मला अजिबात हसू आलं नाही.

घरात तर्कांची नुसती जत्रा भरली होती. संजयच्या मते मी घाटकोपरला माझ्या बहिणीकडे गेले होते तेव्हाची शेवपुरी. नणंदेच्या मते ऑफिसचं पाणी. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मालवणजवळच्या गावातून लग्न होऊन मुंबईत आल्या, सासरे गिरणीत होते तेव्हापासून इथंच आहेत, पण बोलणं अजून गावचंच. त्यांचा निकाल सगळ्यात झटपट लागला.

"भायरचा खातंस, मग काय होतला?"

"आई, महिन्यातून एकदा शेवपुरी खाते."

"एकदा खाल्लंस तरी पोटात जाताच मा?"

मी शेवपुरी सोडली. मग उसाचा रस सोडला. मग ऑफिसमधला चहा, बर्फ, कापलेली फळं, लग्नातलं जेवण, सगळं सोडलं. तोंडाची चव जाऊन ती जागा रागानं घेतली. ताप येतच राहिला.

एक मात्र सांगितलं पाहिजे. या सगळ्या दिवसांत माझ्या पोटात जे काही राहिलं ते आईंच्या हातचं. उकडे तांदूळ मऊ शिजवून केलेली पेज, वर तूप, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा कुळथाची पिठी. मला काही नको असायचं तेव्हाही त्या पातेली घेऊन पलंगाशी उभ्या राहायच्या, एका हातानं स्वतःची कंबर धरून. "दोन घास खा गो. माझ्यासाठी खा." मी खायचे.

आणि दर सोमवारी त्या माझ्यासाठी शंकराला जास्तीचा अभिषेक घालायच्या.

निदान झालं त्या दिवशी

शेवटी वजन इतकं उतरलं की सलवार नाडीवरच टिकून होती. संजय घाबरला आणि मला एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. तिथलं सगळं तुम्हाला माहीतच असेल. पहाटे रक्त काढून नेतात, मग झाडूवाली येते, मग कोणीतरी बेडचा नंबर विचारतं, मग डॉक्टर येणार म्हणून सगळे सावरून बसतात आणि डॉक्टर दुपारी येतात. शेजारच्या खाटेवर मुलुंडच्या एक बाई होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. त्यांच्या घरून डबा आला की त्या झाकण उघडून मला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही तपासून द्या हो, मगच खाते." त्यांच्यामुळे मी त्या वॉर्डात एक-दोनदा खरोखर हसले. एवढी मेहेरबानी पुरते कधीकधी.

तापाच्या आजारांची एक तरुण डॉक्टर मला बघायला यायची. बारीक, चष्मेवाली, घाई अजिबात नाही. तिनं माझं रक्त, त्यात कुठले जंतू वाढतात ते बघायला, प्रयोगशाळेत बरेच दिवस ठेवलं आणि रोज येऊन त्याच त्याच गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारल्या. मग एका सकाळी ती आली आणि खुर्ची ओढून बसली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजायचं, बातमी मोठी आहे.

"ब्रुसेलोसिस आहे," ती म्हणाली. "हा मूळचा जनावरांचा आजार. गाई-म्हशी, शेळ्यांचा. औषधांनी बरा होतो, पण औषधं बरेच दिवस घ्यावी लागतील. एकही चुकवायची नाही."

मला आधी बरं वाटलं. नाव मिळालं होतं. मी रडले, आणि रडता रडता मनात म्हटलं, बघा, म्हणे शरीरात बदल!

"घरी गुरं आहेत का?"

"मॅडम, आम्ही अंधेरीत राहतो," संजय म्हणाला. "चौथ्या मजल्यावर. लिफ्टसुद्धा धड चालत नाही."

"गावी?"

"गावी आता आंब्याची चार झाडं आणि चुलतभावाशी भांडण, एवढंच आहे."

"कच्चं दूध पिता? न तापवलेलं?"

आम्ही तिघंही हसलो. मी, संजय आणि तन्वी. संजय म्हणाला, "कच्चं दूध? हिच्या घरात? ही पिशवीचं दूध दोनदा उकळते. पिशवीसुद्धा धुते आधी."

"दूध पिशवीचंच घेता?"

"पिशवीचंच," मी म्हटलं. शपथेवर सांगितलं असतं. "वर्षानुवर्षं पिशवीचंच."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "तरी आठवून बघा. कुठून आलं ते कळलं नाही तर परत येऊ शकतं."

आम्ही मन लावून आठवलं. संजयला गावाकडच्या लग्नातलं मटण आठवलं. तन्वीला वाकोल्याच्या एका डेअरीतलं पनीर आठवलं, मग आम्ही त्या बिचाऱ्या डेअरीला महिनाभर शिव्या घातल्या. तिचा काही संबंध नव्हता.

लाल रंगाची गोष्ट

उपचारांबद्दल फार लिहीत नाही, तुमचे डॉक्टर सांगतील. फक्त एक सांगते, कारण मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. यातल्या एका गोळीनं लघवी लाल-केशरी होते. पहिल्या दिवशी मी बाथरूममधून अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचे वर आले. गोळीचा रंग असतो, बाकी काही नाही. आता तुम्हाला माहीत आहे, किंचाळू नका.

दुसरं म्हणजे हीच गोळी टीबीलाही देतात. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसानं भर गर्दीत मोठ्यानं विचारलं, "टीबी कोणाला झालाय, वहिनी?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत मला टीबी झाला होता. समोरच्या दारातून दर चतुर्थीला येणारी मोदकांची ताटली त्या महिन्यात आली नाही. मी संजयला म्हटलं, नोटीस बोर्डावर लाव, मला म्हशीचा आजार आहे, माणसांना घाबरायचं कारण नाही. तो म्हणाला, "त्यानं आणखी वाट लागेल यार."

ऑफिसात साहेबांनी काळजीच्या सुरात विचारलं, "मॅडम, आपल्या मालाला काही धोका नाही ना?" माझी तब्येत कशी आहे हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

पण गोळ्या लागू पडल्या. ताप उतरला. कंबर मोकळी झाली. मी पुन्हा बरण्या तपासायला लागले, पुन्हा लोकांना घरी पाठवायला लागले. औषधाचा कोर्स संपला त्या दिवशी संजयनं मला घाटकोपरला नेऊन शेवपुरी खायला घातली. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि कोणाकडे बघितलं नाही.

मग श्रावण आला. आणि श्रावण संपता संपता एका संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना माझे दात वाजायला लागले.

किती राग आला असेल सांगा! भीती वाटली, ती खरीच, पण आधी राग आला. मी सगळं केलं होतं. एकही गोळी चुकवली नव्हती. बाहेरचा घोटभर चहाही नाही, शेवपुरी सोडून, आणि शेवपुरीत म्हैस नसते. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाली, "परत आलाय. किंवा परत लागलाय. तुमच्या घरात काहीतरी आहे, जे तुम्ही मला सांगत नाही आहात." मी तिच्यावर ओरडलेच. "काय सांगत नाही? सगळं सांगितलंय तुम्हाला!"

खरंच सगळं सांगितलं होतं, असं मला वाटत होतं.

तांब्या

पुढच्या सोमवारी मी रजेवर होते. सकाळी अंगात जीव नव्हता म्हणून स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसती बसून होते. बेल वाजली. तबेल्याचा दूधवाला भैया आला होता. श्रावण सोडला तर तो आमच्याकडे फक्त सोमवारी येतो. आईंनी देवघरातला तांब्या पुढे केला, त्यानं कॅनमधून मापानं त्यात दूध ओतलं, आई "हर हर" म्हणाल्या आणि तांब्या सरळ देवासमोर नेऊन ठेवला. गॅसजवळून गेल्या, पण थांबल्या नाहीत.

हे मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. देवाला निरसं दूध लागतं. तापवलेलं चालत नाही, आणि पिशवीचं तर नाहीच, कारण ते डेअरीत आधीच तापवलेलं असतं हे आईंना पक्कं ठाऊक आहे. म्हणून सोमवारी पावशेर सुटं दूध वेगळं. त्यातलं थोडं अभिषेकाला, उरलेल्यात दही, तूप, मध, साखर घालून पंचामृत. मग प्रत्येकाच्या हातावर चमचाभर तीर्थ. संजय जिभेला लावल्यासारखं करतो, तन्वी क्लासला पळते, आणि वाटीत उरतं. तीर्थ मोरीत ओतायचं नसतं. मग ती वाटी कोण संपवतं? घरात उरलेली पोळी कोण खातं? तीच.

आजारी पडल्यापासून तर आई वाटीच माझ्या हातात द्यायच्या. "ह्या तुझ्यासाठी. आख्खी वाटी घे. बरा वाटतला." श्रावणात तर फक्त सोमवारी नाही, जवळजवळ रोज.

डॉक्टरनं दूध विचारलं होतं. आमच्या डोक्यात घरातलं दूध म्हणजे चहाचं, दह्याचं, तन्वीच्या बोर्नव्हिटाचं. हे दूध नव्हतंच. हे तीर्थ होतं. माझ्यासारखी बाई, जी कोथिंबीर तीन पाण्यांतून काढते, तिच्याही मनात कधी आलं नाही की तीर्थ म्हशीच्या सडातून येतं.

मी खुर्चीवरून उठले आणि म्हटलं, "आई, ते दूध कच्चं आहे."

"म्हणजे? देवाचा दूध आसा ता."

"मला त्याचाच ताप आलाय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हे वाक्य आतल्या आत गिळलं असतं तर बरं झालं असतं.

"देवाच्या तीर्थान कोण आजारी पडता? इतकी वर्सां आमी घेतव. कोणाक काय झाला?" मग आवाज एकदम खाली आला. "म्हणजे मीच तुका आजारी पाडलंय?"

मी नाही म्हणू शकले असते. पण एवढे महिने लोकांनी मला शेवपुरीवरून झोडपलं होतं, आणि त्यात आई सगळ्यात पुढे होत्या. मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं त्यांना बरोबर कळलं. त्या दिवशी त्यांनी पूजा केली, पण पंचामृत कोणाला दिलं नाही. संध्याकाळी संजय आला, त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चमचाभर दुधानं? काहीही काय बोलतेस!" मी म्हटलं, "चमचाभर तुला. वाटीभर मला."

तबेला

मी आणि संजय त्या भैयाचा पत्ता काढून तबेल्यात गेलो. मालक सज्जन माणूस. त्यानं आम्हाला चहा पाजला, म्हशी दाखवल्या, अभिमानानं सांगितलं, "एक बूंद पानी नहीं डालते हम." मुंबईत दुधाबद्दल सगळ्यांना एवढीच काळजी, पाणी आहे का आणि साय जाड येते का. साय जाड येत होती, त्याबद्दल वाद नाही.

मी विचारलं, एखाद्या म्हशीचा गर्भ पडला होता का? या आजारात जनावराचा गर्भ पडतो, म्हणून डॉक्टरनं विचारायला सांगितलं होतं. तो जरा गोंधळला. "हुआ था, एक का. नजर लग जाती है." ती म्हैस कुठंय? "बेच दी." कोणाला? त्यानं हात हलवला, म्हणजे कुठंतरी. मी त्याला म्हटलं, तुझ्या माणसांची तपासणी कर, जे धार काढतात त्यांची आधी. तो हसून हो म्हणाला. मला ते हसणं ओळखीचं होतं, माझे कामगार नखं कापायला सांगितली की तसंच हसतात.

मग मी फोन करत बसले. जनावर एका खात्याचं, दूध दुसऱ्या खात्याचं, आजारी माणूस तिसऱ्याचं. प्रत्येकानं मला अगदी नम्रपणे दुसऱ्याचा नंबर दिला. शेवटी लेखी अर्ज दिला आहे. बघू. ती म्हैस ज्याच्या दारात उभी असेल त्याच्या घरीही एखादा सोमवार असेल, हे डोक्यातून जात नाही.

घरातली दुसरी

डॉक्टर म्हणाली, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. संजय आणि तन्वी लगेच गेले. आई म्हणाल्या, "माका काय झालेला नाय." तन्वीनं त्यांना आईस्क्रीम खायला जाऊया म्हणून खाली नेलं आणि रिक्षात बसवून सरळ लॅबमध्ये नेलं. वाटेत कळल्यावर त्यांनी नातीला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही.

संजय आणि तन्वीला काही नव्हतं. आईंना होतं.

आम्ही डॉक्टरसमोर बसलो. तिनं विचारलं, "आजी, पाठ दुखते?"

"दुखता. वय झाला."

"ताप?"

"कसकस येता अधनंमधनं."

"घाम?"

आईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "येता. पोत्यासारखो वास येता."

मला एकदम त्यांचा पेजेची पातेली धरलेला हात दिसला, आणि कंबरेवरचा दुसरा. सोमवारचा उपास त्या त्याच पंचामृतानं सोडायच्या. बाहेर आल्यावर व्हरांड्यातच मी त्यांच्यावर भडकले. माणसं वळून बघत होती, बघू देत. "कधीपासून? माझ्या आधीपासून? आणि बोलला नाहीत? मी तिथं तापात लोळतेय आणि तुम्ही तशाच तापात माझ्यासाठी तांदूळ शिजवताय?"

"तुझो ताप चालू होतो," आई म्हणाल्या. "घरात एका टायमाक एकानच पडूचा."

त्यांच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी बाकावर बसून तोंडावर ओढणी घेऊन रडले. त्या शेजारी बसल्या आणि माझ्या पाठीवर थापटत राहिल्या, जणू रिपोर्ट माझाच आला होता.

आता

आता आम्ही दोघी एकाच वेळी गोळ्या घेतो. न्याहारीनंतर मी त्यांच्या तळहातावर ठेवते, त्या माझ्या. लाल रंगाबद्दल मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या दिवशी त्या बाथरूममधून ओरडल्याच. "गो, ह्या तर कुंकवाचा पाणी!" त्यांची पाठ सुधारते आहे. एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनी तिला वय म्हणून मोडीत काढलं होतं.

कोणाला यातून जावं लागत असेल तर माझं एवढंच ऐका. डॉक्टर दूध विचारतात तेव्हा चहाच्या पातेल्याशी थांबू नका. देवाचं, उपासाचं, बाळाच्या जिभेला लावलेलं, गावाहून कोणी प्रेमानं आणलेलं, सगळं आठवा. आणि घरात कोणी गप्प राहून कंबर धरून फिरत असेल तर तिला आधी न्या.

आईंना देवाचं काय करायचं ते मी सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं होतं, हट्टानं सुटं दूध चालूच ठेवतील, आणि मग मला भांडावं लागेल, आणि भांडण्याइतकी शक्ती अजून अंगात आली नव्हती. रविवारपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते.

सोमवारी बेल वाजली. आईंनी दार उघडून भैयाला सांगितलं, "जनावर बरा झाला की मग ये." त्याला काय समजलं देव जाणे. दार लावून त्या स्वयंपाकघरात आल्या, फ्रीजमधून पिशवी काढली, माझ्यादेखत धुतली, कापली आणि दूध गॅसवर चढवलं. उकळी आली तरी तिथंच उभ्या. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं आणि बोट घालून बघत राहिल्या, देवाला चटका बसू नये म्हणून.

मग सगळ्यांना देवासमोर बोलावलं. तन्वी क्लासला निघाली होती, तिलाही. हात जोडून गावच्या पद्धतीनं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुका पिशयेचा दूध घातलेला आसा. ह्याच्यात काय चूक झाली आसात तर ती माझ्या पदरात घाल, ह्या पोरींच्या नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"माझ्या सुनेचो ताप परत येव नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि त्या म्हशीक पण बरा वाटांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी इतक्या जोरात म्हटलं की तन्वी हसायला लागली.

त्यांनी सगळ्यांच्या हातावर तीर्थ दिलं. संजयनं नेहमीसारखं जिभेला लावलं, तन्वीनं हात पुसला आणि सॅक उचलली. वाटीत बरंच उरलं होतं. सवयीनं माझा हात पुढे गेला.

आईंनी वाटी माझ्यासमोरून उचलली आणि संजयसमोर धरली.

"आज तू संपव," त्या म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मग निमूटपणे वाटी तोंडाला लावली, आणि रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.